गोळी पोटासाठी, दुखणं टाचेला

लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. जळजळ थांबली, पण चौथ्या दिवशी टाचेच्या मागे दुखायला लागलं. अशा वेळी माणूस चप्पल बदलतो, बाम चोळतो, आदल्या दिवशी जिने फार चढलो असं स्वतःला समजावतो. गोळीवर मात्र तो संशय घेत नाही. घेणार तरी कसा? औषध मूत्रमार्गातल्या जिवाणूंवरचं आणि दुखतेय घोट्यामागची जाड शीर. तरीही प्रतिजैविकांचं एक घराणं असं आहे की त्यातल्या गोळीचा आणि या दुखण्याचा थेट संबंध असू शकतो.

हे घराणं नावावरून ओळखता येतं. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या सगळ्यांच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ येतं. शास्त्रीय भाषेत ही फ्लुओरोक्विनोलोन गटाची औषधं. महाराष्ट्रातल्या घराघरांत ती ओळखीची आहेत. जुलाब लागले की मेडिकलमधून आणली जाणारी नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोलची जोडगोळी, किंवा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोलची, यांतलं पहिलं औषध याच घराण्यातलं. अर्धी पट्टी उरली तर ती पुढच्या जुलाबासाठी कपाटात राहते.

या औषधांचा जन्म एका उपपदार्थातून झाला. अमेरिकेतल्या स्टर्लिंग-विन्थ्रॉप या कंपनीत मलेरियावरचं क्लोरोक्वीन बनवताना हाती आलेल्या एका रसायनात जिवाणू मारण्याचा गुण दिसला. त्याच्या आधारे जॉर्ज लेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड पुढे आणलं. मूत्रमार्गाच्या संसर्गावर ते चाले आणि भारतात लहान मुलांच्या आवेवरही ते वर्षानुवर्षं दिलं गेलं. पुढे जपानच्या क्योरिन कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी रेणूच्या सांगाड्यावर फ्लोरिनचा एक अणू बसवला आणि नॉरफ्लॉक्सासिन तयार झालं. औषधाची ताकद कितीतरी पटींनी वाढली. मग जर्मनीच्या बायर कंपनीचं सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. १९८७ मध्ये अमेरिकेत त्याच्या गोळीला परवानगी मिळाली.

डॉक्टर या औषधांवर खूश का झाले, हे समजण्यासारखं आहे. तोंडाने घेतलेली गोळी रक्तात चांगली उतरते. फुप्फुस, हाड, पुरःस्थ ग्रंथी अशा जिथे इतर औषधं नीट पोचत नाहीत त्या ठिकाणीही ती पोचते. ज्या संसर्गांसाठी इंजेक्शनं टोचत रुग्णालयात पडून राहावं लागे, त्यातल्या काहींवर घरी बसून उपचार होऊ लागले. भारतात तर १९७०च्या पेटंट कायद्यामुळे औषधाच्या रेणूवर नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत असे. देशी कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने सिप्रोफ्लॉक्सासिन बनवलं, भाव पडला आणि गोळी गावोगावच्या दुकानांत पोचली.

पहिली शंका न्यूझीलंडमधून आली. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाला संसर्गासाठी नॉरफ्लॉक्सासिन दिलं होतं आणि त्याची टाचेमागची शीर दुखू लागली. तिथल्या डॉक्टरांनी १९८३ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही आणि त्या नोंदीची फारशी चर्चाही झाली नाही. मग १९९२ मध्ये फ्रान्समधून एकदम सात रुग्णांची माहिती आली. सगळ्यांची टाचेमागची शीर सुजली होती आणि तिघांची तर तुटली होती. फ्रान्समध्ये त्या वेळी याच गटातलं पेफ्लॉक्सासिन बरंच वापरात होतं. त्यानंतर इतर देशांतूनही अशा नोंदी येऊ लागल्या.

ज्याला बोलीभाषेत शीर म्हणतात, त्याला शाळेच्या पुस्तकात स्नायुरज्जू म्हटलं आहे. स्नायूला हाडाशी जोडणारा हा पट्टा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी बनलेला असतो. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचं काम चटकन कळेल. बैल म्हणजे स्नायू, मोट म्हणजे हाड आणि दोघांमधला नाडा म्हणजे स्नायुरज्जू. तो स्वतः आकसत नाही, पण ओढीचा सगळा भार त्याच्यावर असतो. पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारा अकिलीस स्नायुरज्जू शरीरातला सगळ्यांत जाड आणि दणकट. धावताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ओढ येऊ शकते.

इतका दणकट भाग दुरुस्तीच्या बाबतीत मात्र दुबळा आहे. त्याला रक्तपुरवठा कमी, आणि टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात तर तो आणखी तुटपुंजा. बहुतेक अकिलीस तिथेच तुटतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक विलक्षण पुरावा मांडला. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि नंतर हळूहळू उतरला. शरीरातली एखादी ऊती कधी घडली, हे तिच्यातल्या या कार्बनच्या प्रमाणावरून ताडता येतं. या पद्धतीने अकिलीसचा गाभा तपासला तेव्हा कळलं, की तो वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे त्यात जवळजवळ काहीच बदलत नाही. म्हणजे साठीतला माणूस ज्या गाभ्यावर चालतो, तो त्याच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांतला असतो.

असा भाग प्रतिजैविकाने का दुखावतो, याचं उत्तर अजून पूर्ण हाती आलेलं नाही, पण धागेदोरे बरेच मिळाले आहेत. जिवाणूच्या पेशीत डीएनएचे पीळ सोडवणारी दोन विकरं असतात. फ्लुओरोक्विनोलोन त्यांना अडवतात, डीएनए तुटतो आणि जिवाणू मरतो. माणसाच्या पेशीतली विकरं वेगळी असल्याने ती यातून सुटतात. पण या रेणूंना आणखी एक सवय आहे. मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, अ‍ॅल्युमिनियम अशा धातूंचे आयन ते घट्ट पकडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर किंवा पित्तावरच्या औषधाबरोबर घेऊ नका, असं सांगतात ते यामुळेच. पोटातच धातूला चिकटलेलं औषध रक्तात नीट उतरत नाही.

जी सवय पोटात औषधाचा जोर कमी करते, तीच सवय स्नायुरज्जूत आणि कूर्चेत घात करत असावी, असा संशोधकांचा कयास आहे. या ऊतींमधल्या पेशी आजूबाजूच्या जाळ्याला ज्या प्रथिनांनी धरून राहतात, त्या प्रथिनांना मॅग्नेशियम लागतं. मॅग्नेशियम अडकून पडलं की ती पकड ढिली होते. बर्लिनमध्ये राल्फ श्टालमान यांच्या गटाने उंदरांच्या पिल्लांना मॅग्नेशियम नसलेला आहार दिला, तेव्हा त्यांच्या सांध्यांत जवळजवळ तशाच जखमा दिसल्या, जशा या औषधांनी होतात. दुसरा धागा प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायुरज्जूच्या पेशींमधून मिळाला. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या सान्निध्यात या पेशी कोलॅजन कमी बनवतात आणि कोलॅजन कापणारी विकरं जास्त सोडतात. जुना धागा तुटतो आणि नवा पुरेसा विणला जात नाही. पेशींमधल्या ऊर्जाकेंद्रांवर, म्हणजे मायटोकाँड्रियांवर, होणारा ताण हा तिसरा धागा. या तिन्हींपैकी कशाचा वाटा किती, यावर अजून काम चालू आहे.

कूर्चेची गोष्ट स्नायुरज्जूच्याही आधीची. हाडांच्या टोकांवरचं हे गुळगुळीत आवरण. गुडघा दुखणारी माणसं ‘गादी झिजली’ म्हणतात ती हीच. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. १९७७ मध्ये नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड आणि त्याच्या भाऊबंदांची चाचणी कुत्र्यांच्या पिल्लांवर झाली, तेव्हा काही दिवसांतच पिल्लं लंगडू लागली. वजन पेलणाऱ्या सांध्यांच्या कूर्चेवर फोड आले होते, कुठे ती सोलून निघाली होती. पशुवैद्य आजही वाढत्या वयाच्या पिल्लांना या गटातलं एन्रोफ्लॉक्सासिन द्यायचं टाळतात.

या पिल्लांमुळेच माणसांच्या मुलांना ही औषधं द्यायला डॉक्टर कचरू लागले. पण मुलांच्या बाबतीत अनुभव बराच सौम्य निघाला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या मुलांना फुप्फुसांतल्या चिवट संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन द्यावंच लागलं. काहींचे सांधे दुखले, पण औषध थांबल्यावर दुखणंही बहुधा थांबलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लेव्होफ्लॉक्सासिन घेतलेल्या मुलांपैकी २.१ टक्क्यांना दोन महिन्यांत स्नायू वा सांध्यांची तक्रार झाली. दुसरी प्रतिजैविकं घेतलेल्यांत हे प्रमाण ०.९ टक्के होतं. फरक आहे, पण पिल्लांसारखी कूर्चा सोलून निघाल्याचं मुलांमध्ये दिसलेलं नाही. म्हणून गंभीर आजारात, दुसरा चांगला पर्याय नसेल तेव्हा, बालरोगतज्ज्ञ हे औषध वापरतात. साध्या सर्दी-खोकल्याला किंवा नेहमीच्या जुलाबाला मात्र वापरत नाहीत, निदान वापरू नये.

मोठ्यांमध्ये धोका नेमका कुणाला, याचा हिशेब नेदरलँड्सच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून मांडला. ही औषधं घेतलेल्या ४६,७७६ जणांचा तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध चालू असताना अकिलीसच्या तक्रारी सरासरी १.९ पट वाढल्या होत्या. साठीच्या पुढे ३.२ पट. आणि साठीच्या पुढच्या ज्यांना सोबत स्टेरॉइड चालू होतं, त्यांच्यात ६.२ पट. हे आकडे वाचून घाबरायचं कारण नाही. जादा धोका मोजला तर हजार जणांनी सलग वर्षभर औषध घेतल्यास सुमारे तीन, इतका तो होता. औषध घेतलं जातं पाच-सात दिवस, त्यामुळे एका वेळच्या औषधोपचारात ही शक्यता फारच थोडी. मात्र ही औषधं घेणाऱ्यांची संख्या प्रचंड आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात पासष्टी गाठलेल्या १७ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यातल्या ३८ टक्क्यांनी हे औषध एकदा तरी घेतलेलं निघालं. औषध घेतल्यानंतरच्या काळात स्नायुरज्जू तुटण्याची शक्यता त्यांच्यात सुमारे २.४ पट होती. शिवाय महाधमनी फुगण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. महाधमनीच्या भिंतीतही कोलॅजन असतं.

स्टेरॉइडची सोबत आपल्याकडे दुर्मीळ नाही. दम्याच्या किंवा सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला छातीत संसर्ग झाला की प्रेडनिसोलोन आणि लेव्होफ्लॉक्सासिन एकाच चिठ्ठीवर येऊ शकतात. रुग्ण सत्तरीचा, मूत्रपिंडं थकलेली असतील तर औषध शरीरातून बाहेर पडायलाही वेळ लागतो. ज्यांचं मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुस बदललेलं आहे, ज्यांना स्नायुरज्जूचा त्रास पूर्वी झालेला आहे, त्यांनाही धोका जास्त. जोरकस व्यायाम करणाऱ्यांनीही जपायला हवं. मॅरेथॉनच्या तयारीत असलेल्या तरुणाने या गोळ्या चालू असताना लांब पल्ल्याचा सराव करणं शहाणपणाचं नाही.

औषध नियंत्रकांना हलायला वेळ लागला. अमेरिकेत ‘पब्लिक सिटिझन’ या ग्राहक संघटनेने २००६ मध्ये अन्न व औषध प्रशासनाकडे याचिका केली. पुढे कोर्टाचं दारही ठोठावलं. अखेर जुलै २००८ मध्ये या गटाच्या औषधांवर स्नायुरज्जूच्या धोक्याचा चौकटीतला इशारा छापायचा आदेश निघाला. पाकिटावरच्या माहितीत याहून कडक इशारा नसतो. २०१० मध्ये मिनेसोटातल्या एका ज्यूरीने, लेव्होफ्लॉक्सासिन घेतल्यावर अकिलीस तुटलेल्या एका वृद्ध रुग्णाच्या बाजूने १८ लाख डॉलरचा निकाल दिला. त्यातली दंडाची रक्कम वरच्या न्यायालयाने नंतर रद्द केली.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची होती. सायनस, ब्राँकायटिस किंवा मूत्रमार्गाचा साधा संसर्ग यांसाठी गोळ्या घेतलेल्या, एरवी धडधाकट असलेल्या माणसांच्या तक्रारी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चाळल्या. स्नायुरज्जू, सांधे, नसा आणि मन अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी त्रास होऊन कामकाज बंद पडलेले १७८ जण त्यात सापडले. काहींचा त्रास औषध थांबवूनही महिनोन्‌महिने राहिला होता. २०१६ मध्ये सूचना निघाली, की दुसरा पर्याय असेल तर या तीन साध्या आजारांसाठी ही औषधं द्यायचीच नाहीत. युरोपने २०१८-१९ मध्ये तसेच निर्बंध घातले आणि नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडची परवानगी स्थगित केली. ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये आणखी कडक भूमिका घेतली. नेहमीची इतर प्रतिजैविकं चालणार नसतील, तेव्हाच हे औषध. युरोपचे निर्बंध तोंडाने, इंजेक्शनने किंवा श्वासातून घेण्याच्या औषधांना आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत घालायचे मॉक्सिफ्लॉक्सासिनचे थेंब त्यात येत नाहीत. थेंबांमधून रक्तात जाणारं औषध नगण्य असतं.

भारतात या गटातलं गॅटिफ्लॉक्सासिन २०११ मध्ये बंद झालं, पण ते रक्तातली साखर बिघडवत असल्यामुळे. डोळ्यांचे थेंब तेवढे राहिले. मार्च २०१४ पासून लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकली की दुकानदाराने डॉक्टरचं व रुग्णाचं नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. बाकीच्या औषधांनाही चिठ्ठी लागतेच. पण काउंटरवर ‘जुलाबाची गोळी द्या’ म्हटल्यावर काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेक जुलाब विषाणूंमुळे किंवा आपोआप आवरणाऱ्या कारणांनी होतात. त्यांना खरी गरज असते ती ओआरएसची. तिथे घेतलेल्या फ्लॉक्सासिनने फायदा शून्य होतो, आणि टाचेचा धोका लहान असला तरी उरतोच.

दुसरं नुकसान जिवाणूंच्या बाजूचं. टायफॉइडच्या भारतीय जिवाणूंवर एकेकाळी रामबाण ठरलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन आता जवळजवळ निकामी आहे. क्षयरोगात तर या गटातली औषधं गमावणं परवडणारं नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांनी डिसेंबर २०११ मध्ये, तपासलेलं कुठलंच औषध लागू न पडणाऱ्या क्षयरोगाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. अशा क्षयाला काय नाव द्यायचं यावरून सरकारशी वाद झाला, पण रुग्ण खरे होते. आज औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार आहे. भारताने तो २०२४ मध्ये स्वीकारला आणि त्यातलं एक औषध मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. खोकल्याला आधीच लेव्होफ्लॉक्सासिन दिलं तर क्षयाचे जिवाणू तात्पुरते दबतात, रुग्णाला बरं वाटतं आणि निदान लांबतं.

क्षयाच्या रुग्णाने टाच दुखली म्हणून औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. तिथे एका बाजूला स्नायुरज्जू असतो आणि दुसऱ्या बाजूला जीव. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा. साध्या संसर्गात मात्र नियम सरळ आहे. गोळ्या चालू असताना टाचेच्या मागे, खांद्याला, कोपराला किंवा मनगटाला नव्याने दुखू लागलं, सूज आली, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन करायचा आणि दुसरं औषध मागायचं. दुखरा भाग विश्रांतीत ठेवायचा. चोळायचा नाही, ताणाचा व्यायाम करायचा नाही आणि तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन तर घ्यायचंच नाही. बहुतेकांना त्रास पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतो, पण पहिल्या गोळीनंतर काही तासांत किंवा औषध संपून काही महिन्यांनीही तो झाल्याची उदाहरणं आहेत. साधारण निम्म्या रुग्णांत दोन्ही पाय दुखतात, आणि केवळ चालण्या-वाकण्याने झालेल्या दुखापतीत असं क्वचितच होतं. मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, कट्‌कन आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर स्नायुरज्जू तुटला असण्याची शक्यता धरून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचं. पालथं झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलत नसेल, तर डॉक्टरांना निदान तिथेच होतं.

अशा घटनांची नोंद घेण्यासाठी भारतात २०१० पासून औषध-दक्षता कार्यक्रम चालतो. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे आणि तपासणी केंद्रं देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेतेच नव्हे, तर रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतात. कळवताना औषधाचं नाव, किती दिवस घेतलं, त्रास कधी सुरू झाला आणि सोबत कोणती औषधं चालू होती, एवढी माहिती हाताशी लागते. म्हणून गोळ्या संपल्या तरी रिकामी पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी काही महिने जपून ठेवलेली बरी.